अप्रसिद्धांची पत्रे

इसवी सन १५१५ च्या शरद ऋतूत जर्मनीत एक लहानसे लॅटिन पुस्तक विक्रीस आले. त्यावर ग्रंथकाराचे नाव नव्हते. मुद्रणस्थान व्हेनिस असे छापलेले होते आणि मुद्रक म्हणून आल्दुस या तत्कालीन युरोपातील सर्वांत नामवंत मुद्रकाचे नाव दिलेले होते, तेही आडनावातील एक अक्षर खोडसाळपणे बदलून. स्वतः आल्दुस त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तला होता. प्रत्यक्षात ते पुस्तक आल्सास प्रांतातील हागेनाउ या गावी, हाइन्रिख ग्रान नावाच्या मुद्रकाकडे छापले गेले होते. दुसऱ्याच्या पेढीची मोहर आपल्या मालावर उमटवणे हा आपल्या व्यवहारात अक्षम्य अपराध होय. परंतु येथे मोहर उमटवणाऱ्याला नफ्याचा लोभ नव्हता, जिवाची काळजी होती.

पुस्तकाचे नाव होते ‘अप्रसिद्ध पुरुषांची पत्रे’. आत ४१ पत्रे होती आणि बहुतेक सर्व कोलोन येथील ऑर्टविन ग्राटियस या अध्यापकास उद्देशून लिहिलेली होती. लिहिणारे त्याचे शिष्य, चाहते आणि सहमत मंडळी. कोणी पदवीधर, कोणी धर्मशास्त्राचा विद्यार्थी, कोणी मठवासी. आपल्या विद्वत्तेविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांची लॅटिन मात्र अशी, की मनात मराठी वाक्य जुळवून त्याच्या प्रत्येक शब्दाला संस्कृत विभक्ती चिकटवावी आणि त्यालाच गीर्वाणवाणी म्हणावे. पत्रात गुरुजींची वारेमाप स्तुती असे, मध्येच एखादा शास्त्रार्थ असे, आणि शेवटी बहुधा एकच पृच्छा : त्या रॉइश्लिनचे प्रकरण कुठवर आले?

ही सर्व पत्रे बनावट होती. ज्या मंडळींच्या नावे ती लिहिली होती त्यांच्यापैकी बहुतेक जन्मालाच आलेली नव्हती. तरीही या बनावट पत्रांनी जे केले ते न्यायालयांना, सम्राटाला आणि पाच विद्यापीठांच्या धर्मपंडितांना जमले नव्हते. ते समजण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागेल.

योहानेस रॉइश्लिन हा व्यवसायाने कायदेपंडित. जन्म १४५५ चा, फोर्त्सहाइम या गावचा. दरबारी कामे, वकिली, पुढे न्यायाधीशपद, अशा सुस्थित आयुष्यात त्याला एक विलक्षण छंद जडला : हिब्रू भाषेचा. बायबलाचा पूर्वार्ध ज्या भाषेत आहे ती भाषा ख्रिस्ती पंडितांपैकी क्वचितच कोणाला येत असे. रॉइश्लिनने ती यहुदी गुरूंकडे बसून शिकून घेतली. त्यांतील एक गुरू सम्राटाचा वैद्य होता, तर दुसरा रोममधील विद्वान. १५०६ मध्ये त्याने हिब्रूचे व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केला. खर्च पदरचा, आणि प्रतींचा गठ्ठा वर्षानुवर्षे पडून राहिला. विद्येच्या व्यापारात असा तोटा सोसणारे लोक कोणत्याही समाजात थोडेच असतात. ते होते म्हणून ग्रंथ टिकले.

याच सुमारास योहानेस फेफरकॉर्न नावाचा एक मनुष्य पुढे आला. तो जन्माने यहुदी होता. १५०४ च्या आसपास त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. नव्याने धर्मांतर केलेल्याचा आवेश कधी कधी जन्मजात अनुयायांना मागे टाकतो, तसे याचे झाले. यहुदी लोक ख्रिस्ती होत नाहीत याचे कारण त्यांचे ग्रंथ, सबब ते ग्रंथ काढून घ्यावेत, असा त्याचा सिद्धान्त. कोलोनच्या डॉमिनिकन साधुसंघाने त्याला आश्रय दिला. मठात राहणाऱ्या सम्राटभगिनीने शिफारस केली, आणि १५०९ च्या ऑगस्टमध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने फर्मान काढले, की साम्राज्यातील यहुद्यांनी ख्रिस्ती धर्माला विरोधी असलेले आपले ग्रंथ फेफरकॉर्नच्या हवाली करावेत. विरोधी कोणते हे ठरवणारा कोण? तोच फेफरकॉर्न. फ्रँकफर्टच्या प्रार्थनामंदिरातून सप्टेंबरच्या अखेरीस १६८ ग्रंथ उचलले गेले. पुढच्या वसंतात त्याच नगरातून सुमारे दीड हजार.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. हस्तलिखित ग्रंथ म्हणजे काय हे आपल्या वाचकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. जैसलमेर, पाटण, मूडबिद्री येथील भांडारे ज्यांनी पाहिली आहेत, एका प्रतीसाठी लेखनिकाने किती महिने वाकून बसावे लागते हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना दीड हजार ग्रंथ गाडीत भरून नेण्याचा अर्थ कळतो. फ्रँकफर्टच्या यहुद्यांनी मात्र हात जोडून बसण्याऐवजी मोठ्या शहाणपणाने पावले टाकली. माइन्त्सच्या आर्चबिशपकडे दाद मागितली, सम्राटाकडे प्रतिनिधी पाठवले, नगरपरिषदेला आपल्या बाजूस वळवले. १५१० च्या उन्हाळ्यात ग्रंथ परत मिळाले. सम्राटाने नवा हुकूम दिला, की विद्यापीठांचे आणि जाणकारांचे अभिप्राय मागवावेत व मग निर्णय करावा.

अभिप्राय आले. कोलोन, माइन्त्स, एर्फुर्ट येथील पंडितांचे मत ग्रंथ जप्त करण्याच्या बाजूने पडले. हायडेलबर्गने अंग चोरले. कोलोनचा धर्मन्यायाधीश होखस्ट्राटन तर जप्तीचा पुरस्कर्ताच होता. विरुद्ध मत दिले ते एकट्या रॉइश्लिनने, १५१० च्या ऑक्टोबरात.

त्याचा अभिप्राय वकिलाचा आहे. त्यात भावनेचा पाझर नाही, आणि म्हणूनच तो वाचताना मनावर ठसतो. यहुदी हे साम्राज्याचे नागरिक आहेत, त्यांची मालमत्ता कायद्याने संरक्षित आहे, आणि ग्रंथ ही मालमत्ताच होय, हा त्याचा पहिला मुद्दा. मग त्याने त्यांच्या वाङ्मयाचे सात वर्ग पाडले आणि उघड निंदेच्या एकदोन पुस्तकांखेरीज कशालाही हात लावू नये असे सांगितले. ज्यांना हिब्रू वाचता येत नाही त्यांनी हिब्रू ग्रंथांचा न्याय करावा ही गोष्ट त्याला सर्वांत अधिक खटकली. तालमूद या महाग्रंथाविषयी तर त्याने प्रांजळपणे लिहिले, की आपण दुप्पट मोल द्यायला तयार असूनही तो ग्रंथ आजवर आपल्याला मिळालेला नाही. जाळायला निघालेल्यांनी तो वाचला होता काय, हा प्रश्न त्याने न विचारताच विचारला गेला. शेवटी त्याची सूचना अशी : प्रत्येक विद्यापीठात दहा वर्षांसाठी हिब्रूचे दोन अध्यापक नेमावेत.

मत विचारले म्हणून मत दिले. परंतु सत्तेला हवे ते उत्तर जो देत नाही त्याने प्रश्नच विपरीत समजून घेतला असे मानण्याची रीत जुनी आहे. फेफरकॉर्नने १५११ च्या वसंतातील फ्रँकफर्टच्या जत्रेत ‘हस्तदर्पण’ नावाचे पुस्तक विक्रीस आणले. ही जत्रा म्हणजे युरोपातील पुस्तकव्यापाराची मोठी बाजारपेठ. रॉइश्लिनने यहुद्यांकडून पैसे खाल्ले, असा त्यात आरोप होता. रॉइश्लिनने त्याच वर्षी उत्तर दिले ‘नेत्रदर्पण’ या पुस्तकाने. त्याच्या मुखपृष्ठावर चष्म्याचे चित्र छापलेले होते. येथून पुढे भांडण यहुदी ग्रंथांचे राहिले नाही. ते झाले रॉइश्लिनच्या एका पुस्तकाचे. १५१२ मध्ये सम्राटाने त्याची विक्री थांबवली. १५१३ मध्ये होखस्ट्राटनने त्याला माइन्त्स येथे धर्मन्यायसभेपुढे खेचले. हा होखस्ट्राटन आरोप ठेवणारा होता आणि न्यायासनावर बसणाराही. निकाल देऊन पुस्तक जाळण्याची तयारी झाली असता आर्चबिशपने हस्तक्षेप केला. प्रकरण श्पायरच्या बिशपकडे गेले. १५१४ च्या मार्चअखेर त्याने रॉइश्लिनला निर्दोष ठरवले आणि दाव्याच्या खर्चापोटी १११ सुवर्ण गुल्डन होखस्ट्राटनच्या माथी मारले. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, कोलोनमध्ये पुस्तकाची होळी झालेली होती. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांनीही ते निषिद्ध ठरवले. होखस्ट्राटन अपील घेऊन रोमला गेला.

ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना रॉइश्लिनची अवस्था सांगायला नको. वय साठीला टेकलेले, प्रतिपक्षाच्या मागे एका संपूर्ण संघाची थैली, आणि निकाल लागला तरी वरच्या कोर्टाची वाट मोकळीच. शिवाय या दाव्यात आणखी एक अडचण होती. पाखंड म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार ज्यांचा, तेच त्याच्याविरुद्ध उभे होते. त्यांच्या शब्दांत उत्तर द्यावे तर त्यांचे शब्द मान्य केल्यासारखे होते, आणि न द्यावे तर मौन हीच कबुली. रॉइश्लिनने १५१४ मध्ये आपल्या बाजूच्या विद्वानांची लॅटिन, ग्रीक व हिब्रू पत्रे एकत्र करून ‘थोर पुरुषांची पत्रे’ या नावाने प्रसिद्ध केली. साक्षीदारांची यादीच म्हणा ना. यादी भारदस्त होती. पण जो पंच आपलाच प्रतिपक्षी आहे त्याच्यापुढे साक्षीदार कितीही उभे केले तरी काय उपयोग?

आणि मग ही ‘अप्रसिद्ध पुरुषांची पत्रे’ आली. थोरांची पत्रे एका बाजूला ठेवा, आता आमचीही वाचा, असे जणू विरोधी पक्षच म्हणत होता.

पहिल्याच पत्रात लाइपझिगच्या एका मेजवानीची हकीकत आहे. विद्यापीठातील मंडळी यथेच्छ खाऊनपिऊन बसली असता एक शास्त्रार्थ निघतो. धर्मशास्त्राच्या आचार्यांना त्या काळी लॅटिनमध्ये ‘आमचे गुरुवर्य’ अशा अर्थाची पदवी असे. आता जो अद्याप आचार्य झालेला नाही पण होऊ घातला आहे, त्याच्या पदवीत भविष्यकाळाचा प्रत्यय कोठे लावावा? ‘आमचे’ या शब्दाला की ‘गुरुवर्य’ या शब्दाला? दोन्ही बाजूंनी प्रमाणे दिली जातात, निर्णय होत नाही, आणि पत्रलेखक अत्यंत गंभीरपणे ऑर्टविनचे मत मागतो. संपूर्ण पत्रात कोठेही थट्टेचा शब्द नाही. थट्टा वाचकाच्या मनात होते.

दुसरे पत्र अधिक बोचरे. पत्रलेखक फ्रँकफर्टच्या जत्रेत हिंडत असता समोरून काळ्या झग्यातील दोन भारदस्त गृहस्थ येतात. हे आचार्यच असे समजून तो टोपी काढून अभिवादन करतो. सोबती धक्का देऊन सांगतो, अरे, हे तर यहुदी! झाले. पत्रलेखकाच्या जिवाची तगमग सुरू होते. हे पाप कोणत्या प्रतीचे? क्षम्य की महापातक? त्याचे प्रायश्चित्त साधा पुरोहित देऊ शकेल, की बिशपकडे जावे लागेल, की थेट पोपकडे? आता पाहा, या पत्रात ना रॉइश्लिनचा बचाव आहे ना कोणाचे खंडन. पण ज्यांच्या पोशाखावरून आचार्य आणि यहुदी यांत भेद करता येत नाही, आणि चुकून झालेल्या नमस्काराने ज्यांचा परलोक धोक्यात येतो, त्यांच्या हाती ग्रंथांचा न्याय सोपवायचा काय, हा प्रश्न वाचक मिटल्या तोंडाने स्वतःलाच विचारतो.

१५१७ मध्ये आणखी ६२ पत्रांचा दुसरा भाग आला. त्यातील एक पत्र आपल्या वाचकांना सांगावे की नाही याचा मी बराच विचार केला, कारण उदाहरण आपल्या पंगतीला बसण्याजोगे नाही. रोममधील काम्पो दे फ्योरी या चौकातील खानावळीत, शुक्रवारी, म्हणजे त्यांच्या मांसवर्जनाच्या दिवशी, पत्रलेखक एक अंडे फोडतो तो आत पिल्लू. सोबती सल्ला देतो, पटकन खाऊन टाक, नाहीतर खानावळवाला कोंबडीचे दाम लावील! तो खातो, आणि मग त्याला आठवते की आज शुक्रवार. हे मांस झाले काय? सोबती धीर देतो, चीजमधील अळ्या चालतात ना, मग हेही चालेल. पत्रलेखकाचे समाधान होत नाही. तो ऑर्टविनला विचारतो. या साऱ्या ऊहापोहात एकच गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी येत नाही, ती म्हणजे त्या पिल्लाचा जीव. लेखकाला ते अभिप्रेत होते असे मी म्हणणार नाही. तो वेगळ्या परंपरेतला. पण नियमाचे काटेकोर पालन आणि नियमाच्या हेतूचा पूर्ण विसर ही जोडी आपल्यालाही अगदीच परकी नाही. पर्वतिथीच्या दिवशी अमुक भाजी हिरवी की वाळलेली यावर तासभर घोळ घालून लगेच नोकराचा पगार कापणारे गृहस्थ आपणही पाहिले असतील.

या पत्रांचे यश कसे मोजावे? थॉमस मोर या इंग्रज विद्वानाने १५१६ च्या ऑक्टोबरात मित्र एरॅस्मसला कळवले, की हे पुस्तक सर्वांनाच आवडते आहे. विद्वानांना विनोद म्हणून, आणि अविद्वानांना खरेखुरे म्हणून. आपण हसलो तर त्यांना वाटते, हे केवळ भाषेला हसत आहेत. एरॅस्मसने पुढे नोंदवून ठेवले आहे, की ब्राबांट प्रांतातील एका डॉमिनिकन मठाधिपतीने आपल्या संघाची कीर्ती गाणारे पुस्तक समजून त्याच्या प्रती विकत घेतल्या, वरिष्ठांना भेट देण्यासाठी. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र विडंबनकाराला मिळणे नाही.

हसू आले आणि भीती गेली, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह येथे होतो. तो टाळलेला बरा. भीती गेली नव्हती, म्हणूनच तर पुस्तकावर खोटा मुद्रक होता. घडले ते निराळे. दावा आजवर एका बंद दालनात चालला होता, तेथे पंच ठरलेले होते आणि भाषा त्यांची होती. पत्रांनी तो दालनाबाहेर आणून वाचकांपुढे ठेवला. कोलोनच्या पंडितांना कोणी अज्ञानी म्हटले असते तर त्यांनी शंभर प्रमाणे देऊन आपले ज्ञान सिद्ध केले असते. येथे त्यांना कोणी काहीच म्हटले नाही; त्यांच्या आवाजात बोलून दाखवले. आपल्याच आवाजाचे खंडन कसे करावे? ऑर्टविनने १५१८ मध्ये प्रयत्न केला. ‘अप्रसिद्धांचे विलाप’ अशा अर्थाचे उत्तर त्याने छापले. ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही. पोप लिओ दहावा याने १५१७ च्या मार्चमध्ये पत्रांवर बंदी घातली. बंदीने पुस्तकाची मागणी घटल्याचे निदान पुढील आवृत्त्यांवरून तरी दिसत नाही.

कर्ते कोण, यावर पुढे संशोधकांनी पुष्कळ शाई खर्च केली. पहिला भाग मुख्यतः क्रोटस रुबेआनस याचा आणि दुसरा उलरिख फॉन हुटेन या सरदारपुत्राचा, असे आता सर्वसाधारणपणे मानतात. हे दोघेही तरुणपणी काही काळ कोलोनलाच शिकायला होते! ज्या पाठशाळेच्या बाकावर बसून ते त्या लॅटिनला कंटाळले, तिचीच त्यांनी नक्कल केली. विडंबन नेमके उतरले याचे कारण हेच.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. इसवी सनाच्या आठव्या शतकात हरिभद्रसूरींनी प्राकृतात ‘धूर्ताख्यान’ रचले. उज्जयिनीच्या उद्यानात पावसाने अडकलेले पाच भुकेले धूर्त पैज लावतात : प्रत्येकाने आपला अनुभव सांगावा, जो त्यावर अविश्वास दाखवील त्याने सर्वांना जेवू घालावे, मात्र पुराणेतिहासातील दाखला देऊन जो तो अनुभव संभवनीय ठरवील तो सुटला. मग अचाट थापा सुरू होतात आणि प्रत्येक थापेला ग्रंथाचा आधार सापडत जातो. आचार्य स्वतः एकदाही म्हणत नाहीत की हा आधार फोल आहे. जिंकते ती खंडपाना नावाची धूर्त स्त्री, आणि जेवणाचा खर्च शेवटी निघतो एका फसवल्या गेलेल्या श्रेष्ठीकडून. आपल्या वर्गाने हा चिमटाही मोकळ्या मनाने सोसावा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाचे जे विस्तृत परीक्षण लिहिले, ते मूळ ग्रंथासह १९४४ मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून प्रसिद्ध झाले. युक्ती तीच : प्रमाणाला विरोध न करता प्रमाणालाच बोलू द्यायचे.

पण एक फरक नोंदवला पाहिजे, आणि तो नोंदवताना आपल्या अभिमानाला थोडी मुरड घालावी लागेल. हरिभद्रसूरी जन्माने ब्राह्मण आणि त्या शास्त्रांत पारंगत होते हे खरे. तरी धूर्ताख्यान लिहिले तेव्हा ते जैन आचार्य होते आणि विडंबनाचा विषय परमताचे ग्रंथ होते. क्रोटस आणि हुटेन यांनी हसू उडवले ते स्वमतातील, स्वतःच्या विद्यापीठातील, स्वतःच्या भाषेतील पंडितांचे. परक्याच्या घरातील पसारा दाखवायला दृष्टी लागते. आपल्या घरातील दाखवायला त्याहून काही अधिक लागते. आपल्या संस्थांच्या सभांत, ट्रस्टच्या बैठकांत, चातुर्मासाच्या पत्रिका छापताना मानपानावरून जे शास्त्रार्थ रंगतात, त्यांचे वृत्त कोणी तरुणाने जसेच्या तसे लिहून काढले तर ते आपल्या या मासिकात छापले जाईल काय? संपादक महोदयांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे असा माझा आग्रह नाही. वाक्य कापले गेले नाही एवढे वाचकांच्या दृष्टीस पडले तरी मला पुरे.

विडंबन हे शस्त्र निर्मळ असते असेही नाही. या पत्रांत फेफरकॉर्नची जी हेटाळणी आहे ती त्याच्या कृत्यापुरती थांबत नाही. त्याच्या जन्मावरून, जातीवरून, त्याच्या पत्नीच्या शीलावरून घाणेरडे शेरे त्यांत आहेत. ज्या यहुद्यांच्या ग्रंथांवरून हा वाद पेटला त्या यहुद्यांविषयी या विडंबनकारांच्या मनात विशेष प्रेम नव्हते. त्यांना कोलोनच्या पंडितांची जिरवायची होती. एरॅस्मस प्रथम हसला, पण पुढे, आपले नाव त्यात गोवलेले पाहून, नाराज झाला. आणि ऑर्टविन? तो पत्रांत रंगवला आहे तसा मूढ मुळीच नव्हता. चांगले लॅटिन जाणणारा, ग्रंथसंपादनाची आवड असलेला तो विद्वान होता. १५३५ मध्ये त्याच्या नावे धर्मसंस्थेच्या सुधारणेसंबंधी कागदपत्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि पुढे तो रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. ग्रंथ जाळणाऱ्यांचा कैवारी म्हणून ज्याचे नाव जगभर हास्यास्पद झाले, त्याच्याच ग्रंथावर बंदी यावी! पण लोकांच्या स्मरणात राहिला तो पत्रांतलाच ऑर्टविन. विडंबनाने केलेल्या अन्यायावर अपील नसते.

दाव्याचे काय झाले? १५१६ च्या जुलैत रोममधील आयोगाचे बहुमत रॉइश्लिनच्या बाजूने पडले, पण पोपने निकाल जाहीर न करता प्रकरण तहकूब ठेवले. मधल्या काळात मार्टिन ल्यूथर उभा राहिला आणि धर्मपीठाला प्रत्येक स्वतंत्र आवाजात बंडाचा वास येऊ लागला. १५२० च्या जूनमध्ये ल्यूथरविरुद्धचा फतवा निघाला आणि त्यानंतर आठच दिवसांनी, २३ जूनला, रॉइश्लिनविरुद्ध निकाल लागला. पुस्तक निषिद्ध, आणि सर्व खर्च त्याच्या अंगावर. म्हणजे दावा तो हरला. दोन वर्षांनी वारला.

ग्रंथ मात्र जळले नाहीत. ज्या पोपने हा निकाल दिला त्याच्याच परवानगीने, आणि त्याच सुमारास, अँटवर्पच्या व्यापारी घराण्यातील डॅनियल बॉम्बर्ग याने व्हेनिसमध्ये संपूर्ण तालमूद छापण्यास आरंभ केला. १५२३ पर्यंत तो पूर्ण झाला. बॉम्बर्ग ख्रिस्ती होता. त्याने ठरवलेली पृष्ठांची वाटणी अशी पक्की झाली, की आजही तालमूदचा संदर्भ द्यायचा तर त्याच पृष्ठांच्या क्रमांकाने देतात. तीस वर्षांनी वारा पुन्हा फिरला. १५५३ च्या सप्टेंबरात रोममध्ये तालमूदच्या प्रतींची सार्वजनिक होळी झाली. जागा होती काम्पो दे फ्योरी, पत्रांतला अंड्याचा प्रसंग जेथे घडतो तोच चौक. तोवर प्रती इतक्या ठिकाणी पोहोचल्या होत्या की साऱ्या गोळा करणे कोणाच्याच हातात राहिले नव्हते.

आणि रॉइश्लिन, ज्याला दुप्पट मोल देऊनही तालमूद मिळत नव्हता? त्याला पुढे त्या महाग्रंथाच्या एका भागाचे, ‘सॅनहेड्रिन’ या प्रकरणाचे, हस्तलिखित मिळाले. न्यायसभा कशी बसवावी, साक्षीदारांना काय विचारावे, निकाल कसा द्यावा, याविषयीचे ते प्रकरण आहे. त्याची ती प्रत आज जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील ग्रंथालयात आहे.